घाई फक्त पाण्याची

वाचकाचं पत्र, थोडं आवरून:

"आमच्याकडे आठ दिवस झड लागली होती. नवव्या दिवशी दुपारी पाव तास गारा पडल्या. एका तुकड्यातला मका काढणीला आला होता, तो निम्मा आडवा झालाय. दुसऱ्या तुकड्यातला उशिरा पेरलेला मका पाच-सहा पानांवर होता, त्याच्या नुसत्या चिंध्या झाल्यात. शेजारी थोडे टोमॅटो, कडेला ज्वारीचा चारा, दावणीला दोन गाई. भाऊ म्हणतो, कोवळा मका मोडून लगेच दुबार पेरू. औषधाच्या दुकानदाराने बुरशीनाशक, टॉनिक आणि आणखी दोन बाटल्या लिहून दिल्यात. अण्णा तीन दिवस शेताकडे फिरकलेले नाहीत. 'झड लागायच्या आठवडाभर आधी काढला असता तर' एवढंच बोलतात. मी नोकरीसाठी बाहेर असते, रजा काढून आलेय. कुणाचं ऐकू? आणि अण्णांशी काय बोलू?"

ताई,

दुबार पेरणीसाठी ट्रॅक्टर सांगायला निघालेल्या भावाच्या हातात आधी फावडं द्या. शेतात जिथे जिथे पाणी उभं आहे तिथून ते आजच्या आज बाहेर पडायला हवं, आणि या एकाच कामात मला घाई हवी आहे. काढणीच्या मक्याचं आणि टोमॅटोचं थोडं वेगळं आहे, त्यांच्याकडे येतेच. पण मोडणी, पेरणी, फवारणी या सगळ्याला आठ-दहा दिवसांची सवड आहे. गारपिटीनंतरच्या पहिल्या चार दिवसांत माणसं घाबरून जो खर्च करतात, त्यातला बराचसा पिकाच्या कामी येतच नाही. तुमच्या घरात तो खर्च अजून झालेला नाही, म्हणून हे पत्र वेळेवर आलं असं मी म्हणेन.

पाण्याचीच घाई का, ते आधी सांगते, म्हणजे भावालाही पटेल. मुळांना श्वास लागतो. मातीच्या कणांमधल्या फटींत हवा असते, मुळं तिच्यावर जगतात. त्या फटी पाण्याने भरल्या की प्राणवायू आत झिरपण्याचा वेग हवेच्या मानाने सुमारे १०,००० पटींनी मंदावतो. जमिनीत जो काही शिल्लक असतो तो मुळं आणि सूक्ष्मजीव मिळून एक-दोन दिवसांत संपवतात. हवा थंड असेल तर कोवळा मका पाण्यात तीन-चार दिवस तग धरतो. पाऊस उघडून वर कडक ऊन पडलं तर तोच मका दोन दिवसांत माना टाकतो. तेव्हा 'आता ऊन पडलंय, आपोआप आटेल' असं म्हणून स्वस्थ बसण्यात धोका जास्त आहे. गुदमरलेल्या मुळाला पाणी वर ओढता येत नाही, त्यामुळे चिखलात उभं असलेलं पीक तहानल्यासारखं सुकलेलं दिसतं. ते पाहून पाणी सोडायला निघालेली माणसंही असतात.

भाताचं तसं नाही. त्याच्या खोडात हवेच्या पोकळ्या असतात, त्यांतून मुळापर्यंत हवा जाते. तरी शेंड्यासकट बुडाला तर तोही मरतो. ओडिशातल्या एफआर १३ ए या जुन्या वाणात सापडलेला सब-१ हा जनुक नव्या वाणांत आणला, तेव्हा कुठे पूर्ण बुडून दोनेक आठवडे तग धरणारे भात मिळाले. मक्याकडे यातलं काहीच नाही, त्याला चरच काढून द्यावा लागतो.

चर खोल नको, पण उतार धरून सलग हवा. पाणी पुढे कुठे जाणार हे आधी बघा, नाहीतर वरच्या तुकड्याचं खालच्या तुकड्यात साचेल आणि एकाच घरात भांडण लागेल. कुठल्या कोपऱ्यात पाणी थांबतं आणि बांध कुठे फोडला की निघतं, हे तुमच्या घरात एकाच माणसाला पाठ असणार. त्यांच्याकडे मी पुढे येते.

चर काढायच्या आधी दोन गोष्टी. पहिली, फोटो काढा. साचलेलं पाणी, आडवं पीक, फाटलेली पानं, सगळं शेत एका नजरेत आणि मग जवळून, मोबाइलमध्ये तारीख दिसेल असं. पिकाचा विमा असेल तर त्याचा कागद आजच वाचा, नुकसान कळवायची मुदत बहुतेक ठिकाणी फार थोडी असते. दुसरी, पाण्यात उभी असलेली मोटर आणि तिची पेटी यांना हात लावण्याआधी मुख्य वीजपुरवठा बंद करा. पुन्हा गडगडाट ऐकू आला तर काम टाकून घरात या आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. झाडाखाली थांबणं हा आसरा नव्हे. हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरीही दर पावसाळ्यात माणसं झाडाखालीच सापडतात.

आता तो चिंध्या झालेला मका. गारपिटीनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शेत जेवढं वाईट दिसतं, तेवढं ते एरवी कधीच दिसत नाही. फाटलेली पानं वाळून पांढरी पडलेली असतात आणि नवीन अजून बाहेर आलेलं नसतं. नेमक्या त्याच दिवसांत मोडायचा निर्णय होतो. पण मका पाच-सहा पानांवर असताना त्याचा वाढीचा कोंब जमिनीच्या खाली किंवा जेमतेम पातळीवर असतो. गारांनी जे फाडलं ती पानं; कोंब बहुतेक वेळा सुखरूप असतो. अमेरिकेत पीकविम्यासाठी गारपिटीचं नुकसान मोजायचे तक्ते आहेत. त्यांच्या हिशेबाने मका सात पानांवर असताना सगळीच्या सगळी पानं गेली, तरी उत्पादनातली घट १० टक्क्यांच्या आत राहते. तुरा बाहेर पडत असताना तीच पानं गेली तर पीक गेल्यातच जमा. गारा त्याच असतात, पण काही आठवड्यांच्या फरकाने सगळा हिशेब उलटतो. तुमच्या भावाने 'शेत' पाहिलं, पीक कुठल्या अवस्थेत आहे ते पाहिलं नाही. बहुतेक जण असंच पाहतात, त्याला दोष देऊ नका.

पाहायचं कसं ते सांगते. गारा पडून आठवडा होऊ द्या. मग शेताच्या चार-पाच वेगवेगळ्या जागांवरून, चांगली दिसणारी निवडून न घेता, काही रोपं मुळासकट उपटा आणि धुऊन घ्या. धारदार सुरीने बुंधा उभा चिरा, अगदी मुळाच्या सुरुवातीपर्यंत. बुंध्याच्या तळाशी, मुळं फुटतात त्याच्या जरा वर, एक टोकदार भाग दिसेल. तो पांढरा किंवा साईच्या रंगाचा आणि दाबल्यावर टणक असेल, तर रोप जिवंत आहे, वर कितीही चिंध्या असोत. तो तपकिरी, पाणावलेला, बोटाने दाबला की पिठासारखा होत असेल, तर ते रोप गेलं. मुळंही बघा. पांढरी मुळं चालतील. जी काळपट आहेत, ज्यांची साल बोटांत धरून ओढली की निसटून आतली दोरीसारखी शीर उरते, ती कुजलेली. मातीला सडक्या अंड्यासारखा वास येत असेल तर तिथलं पाणी अजून निघालेलं नाही. काही रोपांचा पोंगा, म्हणजे मधली गुंडाळलेली नवी पानं, जुन्या वाळलेल्या पानांत अडकून पिळवटतो. ती पाहून लगेच निराश होऊ नका, बरीचशी स्वतःच सुटतात. हातात विळा घेऊन एकेक सोडवत बसू नका, त्यात नवीन पान तुटतं.

मग जिवंत रोपं मोजा. ओळीत १० मीटर मोजायचे, त्यातली जगणारी रोपं मोजायची, असं शेतात दहा ठिकाणी. निम्मी रोपं उरली म्हणजे निम्मंच पीक येणार, असं मक्याचं गणित नसतं. उरलेली रोपं बऱ्यापैकी सारखी विखुरलेली असतील तर त्यांना जागा, ऊन, खत जास्त मिळतं, कणसं मोठी होतात आणि पीक पाऊणाच्या आसपास येऊ शकतं. उलट दुबार पेरणीत बियाणं, मशागत, मजुरी पुन्हा, आणि पेरणी आणखी उशिरा ढकलली गेल्यामुळे होणारी घट वेगळीच. हे दोन आकडे कागदावर शेजारी शेजारी मांडले तर खूपदा जुनंच पीक जिंकतं. मात्र मधे मोठमोठे टकले पट्टे पडले असतील, तर तेवढ्या पट्ट्यांपुरतं वेगळं काही लवकर येणारं लावता येईल. मक्यात नांगे, म्हणजे मेलेल्या रोपांच्या रिकाम्या जागा, मक्यानेच भरायचा मोह टाळा. मागून आलेलं रोप पुढच्याच्या सावलीत खुरटतं, आणि खत खाऊन कणीस मात्र देत नाही.

ट्रॅक्टरबद्दल एक शेवटचं. वाफसा आल्याशिवाय, म्हणजे जमीन कामाजोगी सुकल्याशिवाय, शेतात चाक घालायचं नाही, कारण कोणतंही असो. मूठभर माती घेऊन दाबा. गोळा अंगठ्याने दाबला की भुसभुशीत फुटला तर वाफसा आहे. चिकणमातीसारखा लांबला तर नाही. ओल्या जमिनीवरून गेलेलं जड चाक खाली जो थर दाबून ठेवतं तो पुढचे काही हंगाम मुळांना आणि पाण्याला अडवत राहतो. पुढच्या पावसात पाणी नेमकं तिथेच साचतं, आणि मग लोक म्हणतात जमीनच वाईट.

दुकानदाराच्या यादीकडे येऊ. तो माणूस वाईट आहे असं मला म्हणायचं नाही. दुकानात घाबरलेलं गिऱ्हाईक आलं की काहीतरी द्यावंच लागतं. पण त्या यादीतलं मक्यासाठीचं सगळं मी बाजूला ठेवीन. बुरशीनाशक जखम भरून काढत नाही. गारांच्या जखमांतून शिरणारे काही रोग जिवाणूंचे असतात, त्यांच्यावर बुरशीनाशक चालतच नाही. आणि मक्याला नवीन पानं येण्याआधी फवारलं तर ते पडतं कशावर? मेलेल्या चिंध्यांवर. टॉनिकने गारपिटीचं पीक उभं राहतं याचा पुरावा मला कुणी दाखवलेला नाही. ते पैसे तुम्हाला दुसरीकडे लागणार आहेत. जमिनीत पाणी साचलं की नायट्रेटच्या रूपातला नत्र काही पाण्याबरोबर खाली वाहून जातो आणि काही जिवाणू त्याचा वायू करून हवेत सोडतात. जमीन उबदार असेल तर हे रोज होत राहतं. म्हणून झडीनंतर पीक पिवळं पडतं. वाफसा आला, नवीन हिरवं पान दिसलं, की हलकी कोळपणी आणि नत्राचा एक बेताचा हप्ता. कोवळ्या मक्याला खरं टॉनिक हेच. आधी टाकलं तर तेही वाया, कारण कुजक्या मुळाला खत घेता येत नाही.

टोमॅटोला मात्र हा नियम लागू नाही, तिथे थांबून चालत नाही. तिथे नुकसान गारांपेक्षा नंतरच्या हवेचं होतं. टोमॅटो आणि बटाटा या दोघांना लागणारा उशिराचा करपा हा दमट, थंडसर हवेचा रोग. आयर्लंडमध्ये १८४५ पासून बटाट्याची शेतं यानेच काळी पडली आणि पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसं उपासमारीने आणि रोगराईने गेली. हवेवरून त्याची चाहूल घ्यायचा एक साधा नियम इंग्लंडमध्ये ब्यूमाँट यांनी १९४७ मध्ये मांडला: सलग ४८ तास तापमान १० अंशांच्या खाली उतरलं नाही आणि आर्द्रता ७५ टक्क्यांच्या खाली गेली नाही, तर करपा येणार असं धरून चालायचं. आता याहून बारीक नियम आहेत. मला त्यातून एवढंच सांगायचंय की फवारणीची तारीख हवा ठरवते, दुकान नाही. तुमच्याकडे आठ दिवस झड होती आणि हवा अजून थंडसर, कोंदट असेल, तर टोमॅटोवर प्रतिबंधक बुरशीनाशकाची एक फवारणी मला पटते, पानं कोरडी असताना, डब्यावरचं प्रमाण वाचून. उकाडा असेल तर हा करपा मागे पडतो आणि दुसरे डाग पुढे येतात. तेव्हा डागाळलेलं पान जाणत्या माणसाला दाखवून मग काय ते ठरवा. तडकलेली, गारांचा मार लागलेली फळं तोडून शेताबाहेर न्या. पानं ओली असताना आत शिरू नका, जिवाणू तुमच्याच हातांनी आणि कपड्यांनी एका झाडावरून दुसऱ्यावर जातात.

आता काढणीचा मका. कोवळ्या मक्याला आठवडा द्या म्हटलं, पण इथे शेतात पाय ठरू लागला की दुसऱ्या दिवसाची वाट पाहायची नाही. यंत्र आत जाणार नाही, तेव्हा हातानेच. आडवा पडलेला आधी, त्यातही ज्याचं कणीस मातीला टेकलंय तो सगळ्यात आधी. उभ्या मक्यात ज्या कणसांचं तोंड खाली झुकलंय ती थोडी थांबतील, वरच्या पात्यावरून पाणी निथळून जातं. तोंड वर असलेल्या कणसात मात्र पाणी आत साठतं आणि दाण्याला जागेवरच मोड येतात. काढताना तीन ढीग करा: कोरडा स्वच्छ, ओला पण चांगला, आणि मोड आलेला किंवा बुरशीचा. हे तीन ढीग शेवटपर्यंत एकत्र होऊ द्यायचे नाहीत. वजन वाढावं म्हणून कुणीतरी हमखास मिसळतं, आणि मग सगळ्याच मालाला वाईट ढिगाचा भाव मिळतो.

ओल्या ढिगाचा खरा शत्रू त्याच्या पोटातली ऊब. ओला दाणा श्वास घेतो, गरम होतो, गरम झाला की बुरशी वाढते आणि ती आणखी गरम करते. ढिगात मनगटापर्यंत हात खुपसा. आत कोमट लागलं तर त्याच घटकेला ढीग मोडून पसरा, मग रात्र असो की पहाट. पातळ थर, खाली ताडपत्री, वर हवा, दिवसातून अनेकदा हलवणं. वरून ताडपत्री गच्च बांधून ठेवली की पाऊस लागत नाही हे खरं, पण आतली वाफही बाहेर पडत नाही. साठवायचा तर दाण्यातली ओल १३-१४ टक्क्यांवर आली पाहिजे. यंत्र नसेल तर काचेची कोरडी बरणी घ्या, तिच्यात थोडा दाणा आणि चमचाभर खडखडीत कोरडं मीठ टाकून झाकण लावा, मिनिटभर हलवा आणि बरणी थोडा वेळ ठेवून द्या. मीठ काचेला चिकटलं तर ओल साधारण १५ टक्क्यांच्या वर आहे, अजून वाळवायचं. चिकटलं नाही तर बरंच काम झालं.

बुरशीचा तिसरा ढीग गाईंपुढे टाकायचा विचार घरात येईलच. नका टाकू. पिवळट-हिरव्या बुरशीत अफ्लाटॉक्सिन नावाचं विष असू शकतं, ते शिजवून जात नाही, आणि गाईने खाल्लं तर दुधात उतरतं. ज्वारीच्या चाऱ्याचंही तसंच जपायला हवं. गारांनी मोडलेल्या ज्वारीला आता बुडातून हिरवागार फुटवा येईल आणि गाई त्याच्याकडेच ओढ घेतील. त्या कोवळ्या फुटव्यात सायनाइडचं विष तयार होतं आणि जनावर तासाभरात आडवं होऊ शकतं. तो चांगला गुडघ्याच्या वर, ४५ ते ६० सेंटीमीटर, वाढेपर्यंत गाईंना त्या बाजूला सोडू नका. या आपत्तीत तुमच्या घराला आणखी मोठा फटका बसला तर तो इथून बसेल, म्हणून गाई कोण सोडतं आणि कोण बांधतं त्या प्रत्येकाला हे सांगा, लहान मुलांनासुद्धा. गोठा कोरडा ठेवा, काससुद्धा. दूध थोडं कमी होईल, ते चार दिवसांनी सावरतं.

आणि आता अण्णा.

'आठवडाभर आधी काढला असता तर.' हे वाक्य खोडायला जाऊ नका, पण ते खरं आहे का हे तुम्ही स्वतःशी तपासून ठेवा. मक्याचा दाणा पक्व होतो तेव्हा त्याच्या टोकाशी काळा थर येतो आणि त्या वेळी दाण्यात ३० ते ३५ टक्के पाणी असतं. पुढे तो शेतात उभ्या उभ्या वाळतो, रोज अर्धा ते एक टक्का, हवा बरी असेल तर. म्हणजे आठवडाभर आधी काढला असता, तर दाण्यात आणखी साडेतीन ते सात टक्के पाणी जास्त असतं, आणि तो वाळत घातलेला असताना त्याच्यावर झड आली असती. अंगणात, ढिगात, ताडपत्रीखाली आठ दिवस. तो गेला नसता असं कुणी सांगावं? पाच दिवसांचा हवामानाचा अंदाज बऱ्यापैकी भरवशाचा असतो. दहा दिवसांपुढचा छापा-काट्याच्या जवळ जातो. आणि गारा कुठल्या शिवारावर पडतील हे आदल्या दिवशीही कुणी सांगू शकत नाही. अण्णांनी उभा मका वाळू दिला, जाणता शेतकरी तेच करतो. निकाल वाईट लागला म्हणून निर्णय वाईट होता असं नाही.

पण हे सगळं त्यांना ऐकवू नका, निदान आज तरी नाही. तीन दिवस गप्प बसलेल्या माणसाला हिशेब समजावला की त्याला वाटतं, आपली समजूत काढली जातेय, आणि तो आणखी आत जातो. 'जाऊ द्या, होतं असं' हेही नको. त्यांचं जे गेलं ते त्यांच्या चार महिन्यांच्या पहाटा आहेत, त्या जाऊ द्यायच्या कशा? त्यापेक्षा त्यांना खरा प्रश्न विचारा, ज्याचं उत्तर तुम्हाला खरोखर हवंय: 'अण्णा, वरच्या तुकड्यातलं पाणी कुठून काढू? मला बांध नीट कळत नाही.' ते जागेवर बसून हाताने दिशा दाखवतील. ठीक आहे, त्या दिशेने जा. काम चुकलं तर ते उठून येतील, आणि बरोबर झालं तर दुसऱ्या दिवशी बघायला येतील. आठवड्याने चिरलेला बुंधा त्यांच्यासमोर नेऊन ठेवा आणि विचारा, हा जगेल का. मत तुम्ही देऊ नका. भावालाही सांगा, त्या वेळी 'मी म्हणालो होतो' हे शब्द घरात उच्चारायचे नाहीत.

एक गोष्ट सरळ लिहिते, कारण आडून लिहिण्यात अर्थ नाही. अण्णा जेवत नसतील, झोपत नसतील, 'आता माझा काय उपयोग', 'तुम्हाला माझा भार' असं बोलू लागले, देणी-घेणी, कागदपत्रं कुणाला तरी समजावून देऊ लागले, तर वाट पाहू नका. एकट्यात बसून स्पष्ट विचारा: अण्णा, जीव द्यावा असं मनात येतं का? असं विचारल्याने मनात नसलेला विचार येतो हा गैरसमज आहे. उलट माणूस मोकळा होतो. उत्तर 'हो' आलं किंवा तुम्हाला शंका आली, तर त्यांना एकटं ठेवू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. आणि हे काहीच नसलं तरी आजच एक करा: घरातली, गोठ्यातली सगळी कीटकनाशकं आणि तणनाशकं एका पेटीत घालून कुलूप लावा, किल्ली तुमच्याकडे किंवा घराबाहेरच्या विश्वासू माणसाकडे. श्रीलंकेत अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणली गेली आणि १९९५ ते २०१५ या काळात तिथलं आत्महत्यांचं प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी खाली आलं. अभ्यासक त्याचं मोठं श्रेय त्या बंदीला देतात. तशा क्षणी बाटली हाताशी नसली तर तो क्षण निघून जातो, आणि वाचलेली बहुतेक माणसं पुढे जगतात. टोमॅटोच्या फवारणीला लागेल तेवढं तुम्ही काढून द्या आणि उरलेलं परत कुलपात.

तुमच्याबद्दल पत्रात एक शब्द नाही. रजा किती आहे ते आधी घरात सांगून टाका. तुम्ही असेपर्यंत सगळे तुमच्यावर टाकतील, मग तुम्ही जाल आणि गाईंच्या वेळांपासून विम्याच्या फोनपर्यंत सगळं अधांतरी राहील. कुठलं काम कुणाचं हे एका कागदावर लिहून भिंतीला लावा, त्यात अण्णांचंही एक काम असू द्या, हलकं नको, खरं.

गारा पडल्यापासून दहाव्या दिवशी १० मीटरच्या मोजण्या आणि जिवंत रोपांचे आकडे मला लिहून पाठवा. सोबत पेरणीची तारीख, रोपांमधलं मूळचं अंतर आणि तुमच्याकडे अजून किती दिवस पीक वाढण्याजोगी हवा राहते तेही. दुबारचं काय ते त्यावरून ठरवू.